काळी चार आणि दहाची मोटर

तंबोरा उतरतोय, हे मोहिनीला आलापाच्या तिसऱ्या मिनिटाला कळलं.

खोलीत चार माणसं. पुण्याहून आलेले परीक्षक खुर्चीत, डोळे मिटून. सतरंजीवर तंबोरा छेडत रामदास सर. सर म्हणजेच संगीत विभाग, अख्खा. तबल्यामागे दादाभाऊ, कॉलेजचे शिपाई आणि गावच्या भजनातले तबलजी. आलाप संपेपर्यंत त्यांना काम नव्हतं. आणि समोर मोहिनी, संगीताच्या पदवीची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. यंदा परीक्षेला ती एकटीच होती, त्यामुळे कॉलेजात पहिली येणार हे नक्की होतं. प्रश्न पास होण्याचा होता.

सुराची इलेक्ट्रॉनिक पेटी होती. पण परीक्षक आल्या आल्या म्हणाले, "यंत्रावर मी परीक्षा घेत नाही. तंबोरा काढा." तंबोरा क्रीडा विभागाच्या खोलीत, व्हॉलीबॉलच्या नेटमागे सापडला. त्याच्या भोपळ्याचा सांधा मागच्या वर्षी निघाला होता, तो रामदास सरांनी स्वतः डिंक लावून बसवला होता. सकाळी मोहिनीच्या काळी चारच्या पट्टीत तंबोरा झकास लागला. आता उन्हाबरोबर सांधा उकलत होता, दांडी केसभर वाकत होती आणि चारही तारा मिळून खाली चालल्या होत्या. कॉलेजात एवढी एकजूट याआधी कुणी पाहिली नव्हती.

सरांना कळलं असावं. ते तंबोऱ्याकडे न बघता तंबोरा छेडत होते.

मोहिनी षड्जावर येऊन थांबली. वर तिचा सा, खाली तंबोऱ्याचा. मधे फट.

परीक्षकांनी डोळे उघडले. "मुली, तू चढतेयस."

सगळे गुण या माणसाच्या पेनात होते. नापास म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की गावात, राजुरीत, काय म्हणतील, तेही तिला पाठ होतं: "गान्यात नापास? मंग आता गळा बदलून पुन्ना बसायचं का?"

खाली उतरणं सोपं होतं. जेमतेम अर्धा सूर. गुपचूप उतरायचं, परीक्षक परत डोळे मिटणार, सरांची अब्रू राहणार, सगळ्यांचं सगळं नीट होणार.

पण मोहिनीचा तीन वर्षांचा रियाज आईच्या पिठाच्या गिरणीत झाला होता. तिथं दहाची, म्हणजे दहा हॉर्सपॉवरची मोटर. वरून दळण टाकलं की मोटर ओढायची, तिची घरघर खाली यायची; दाणे संपले की परत वर. पहिलं वर्षभर मोहिनी मोटरीबरोबर खाली-वर झाली. "रत्नाबाई, पोरगी सूर दळती का?" असं गिऱ्हाइकं विचारायची. दुसऱ्या वर्षी ती जागेवर राहायला शिकली.

तिनं सा सोडला नाही.

"उतर," परीक्षक म्हणाले.

"सर, मी जागेवरच हाय. तंबोरा खाली गेलाय."

तंबोरा थांबला. रामदास सरांनी डोळे मिटले, देवासमोर मिटतात तसे.

परीक्षक हसले. "तीस वर्षं परीक्षा घेतोय. विद्यार्थ्यांना ताप आला, घसा बसला, आजी गेली, सगळं ऐकलं. तंबोराच चुकला, हे पहिल्यांदाच."

"दादाभाऊ," मोहिनी म्हणाली, "तबल्यावर एक 'ना' वाजवा. सर, सकाळी तबला याच तंबोऱ्यात लावलाय. त्याला अजून कुणी हात लावला नाही."

दादाभाऊंनी आधी रामदास सरांकडे पाहिलं, मग परीक्षकांकडे. शिपायाच्या नोकरीत दोन साहेबांच्या मधे सूर द्यायची वेळ सहसा येत नाही. त्यांनी बोट उचललं आणि तबल्याच्या काठावर मारलं.

'ना'चा सूर घुमला. मोहिनीनं त्यात आपला सा मिसळला. दोन्ही एकच झाले. मधे नखही शिरलं नसतं. मग तिनं हात लांब करून तंबोऱ्याची तार छेडली. ती रुसलेल्या पाहुण्यासारखी दाराबाहेरच राहिली.

"मी कवाचा आयकतोय, साहेब," दादाभाऊ म्हणाले. "पन आलापात तबल्याला इचारतंय कोन?"

परीक्षक खुर्चीतून उठले. गुडघे वाजवत सतरंजीवर बसले, सरांच्या हातातून तंबोरा घेतला, एका पंजानं सांधा दाबून धरला आणि खुंट्या पिळायला लागले.

"सा दे," ते म्हणाले. "आता मी तुझ्याकडे येतो."

तिनं दिला. ते आले.

मग मोहिनी जौनपुरी राग गायली. वेळ पंचवीस मिनिटांची होती. पाऊण तास झाला तरी कुणी घड्याळ बघितलं नाही. परीक्षक सांधा दाबून बसलेले, त्यामुळे त्यांना घड्याळ बघता येतही नव्हतं. दादाभाऊंनी शेवटच्या समेवर तबल्याला अशी थाप दिली की बाहेर प्राचार्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "वा," असं परीक्षक म्हणाले, आणि आपण परीक्षक आहोत हे आठवून खाकरले. मग त्यांनी कागदावर आकडा लिहिला. तो मोहिनीला समोरून उलटा दिसला. उलटाही चांगलाच दिसत होता.

बाहेर व्हरांड्यात रत्नाबाई बसल्या होत्या. गिरणी बंद ठेवून आल्या होत्या, तरी कोपरापर्यंत पीठ होतंच.

"झालं?"

"झालं, आई. पास."

रत्नाबाईंनी मान डोलावली, चपला पायात सरकवल्या.

"मधी कुनीतरी लई दळण टाकलं व्हतं, न्हाई का गं?" त्या म्हणाल्या. "हितं बाहीर आयकू येत व्हतं. म्या म्हनलं, आता जाती पोरगी खाली."

त्यांनी पदर झटकला. उन्हात पीठ उडालं.

"न्हाई गेलीस."