हिरवं पाणी

आमोदने बाटली उन्हात धरली. पाणी नितळ होतं. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या गोदाबाईंचा जीव भांड्यात पडला.

पुण्याच्या खराडीत आयटीच्या इमारती भराभर उठत होत्या, ड्रेनेजची लाईन मात्र अजून पोचली नव्हती. म्हणून शेजारच्या नव्या इमारतीचं मैलापाणी सेप्टिक टाकीतून शोषखड्ड्यात सोडायचं घाटत होतं. चार दिवसांपूर्वी तपासणीसाठी पालिकेचा आमोद त्या जागी खणलेल्या चाचणीच्या खड्ड्यात रंग ओतून गेला होता. जाताना गोदाबाईंना म्हणाला होता, "आजी, विहिरीत दोष येतो का बघायचंय. पाणी हिरवं दिसलं तर कळवा." शिकल्यासवरल्या माणसाला वाटतं, आपण सांगितलं म्हणजे समोरच्याला कळलं.

गोदाबाईंना कळला तो एकच शब्द, दोष. गेल्या साली वस्तीतल्या बायडाबाईच्या विहिरीत असाच कुणा साहेबाला दोष सापडला आणि महिन्याभरात विहीर बुजवली. तिथे आता गाड्या उभ्या राहतात.

"मधे काही दिसलं का, आजी?"

"छ्या! आरशावानी हाय पाणी. समदं घर ह्येच पितंय."

आमोदने कागदावर 'रंग आढळला नाही' असं लिहिलं, सही केली. बिल्डरच्या श्यामसुंदरने तो बॅगेत टाकला आणि फोन लावला. "झालं काम. टाकी इथेच. उद्या खोदायला घ्या."

"हितंच?" गोदाबाईंना उमजेना.

"रंग विहिरीत उतरला असता, तर मी इथे टाकी होऊच दिली नसती," आमोद म्हणाला.

गोदाबाई काठावरच खाली बसल्या. "उतरला हुता रं लेकरा! दुसऱ्याच दिशी, हिरवागार. म्या मोटार लावून दोन दिस हीर उपसली."

श्यामसुंदर हसला. "वा आजी! टाकीचं ऐकल्यावर बरा रंग दिसला तुम्हाला."

आमोदला हसू आलं नाही. "पुन्हा एकदा रंग टाकून बघू या का?"

"अहो, सही आपलीच आहे ना? आपण तपासलंत, आम्ही मानलं." श्यामसुंदरने बॅगेची चेन ओढली.

नोकरी नवी होती. आमोदने विषय तिथेच सोडला. श्यामसुंदर गेल्यावर तो गोदाबाईंपाशी उकिडवा बसला. त्याला फार वाईट वाटत होतं.

"आजी, मला आधी का नाही सांगितलंत?"

गोदाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"तू हीर वाचवाया आलायस, ह्ये कुटं सांगितलं हुतंस?"