पोस्टरवरच्या बाई

काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, शाळांच्या जेवणाचं कंत्राट खानावळ चालवणाऱ्या अर्नेटा प्रूइटला दिलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा; काउंटीनंही तसंच समजायचं ठरवलं.

‘कृष्णवर्णीय उद्योजकांना आधार’ योजनेवाले तिचा फोटो तेवढा काढून घेऊन गेले. अंगात एप्रन, हातात तळलेल्या कॅटफिशची परात, चेहऱ्यावर सांगून आणलेलं हसू. पुढे एका ताटाचंही काम आलं नाही. खानावळीला कुलूप लागायची वेळ आली, तेव्हा ती त्याच एप्रनवर योजनेच्या कचेरीत जाऊन उभी राहिली.

तिथले अधिकारी हॉलकॉम साहेब यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“नुसतं रडून काय होणार, मॅडम? हातपाय हलवा जरा! या बाई बघा.” त्यांनी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. “तुमच्यातल्याच आहेत. सगळ्या शाळांना यांचंच जेवण जातं. शिका काहीतरी!”

अर्नेटानं पोस्टरवरचा आपलाच फोटो डोळे भरून पाहिला.

“नशीब काढलं हो बाईनं,” ती म्हणाली, आणि तिथंच अर्ज लिहून दिला:



‘सदर पोस्टरवरील बाईंच्या स्वयंपाकघरात मला निदान भांडी घासायची तरी नोकरी मिळावी, ही नम्र विनंती.’