खिळ्यावरची स्प्रिंग

या, जवळ सरका. पायरीवर उभे राहिलात त्यांनीही आत या, मन मोठं केलं की जागा होते. गोष्ट एका जुन्या जीपची आहे, पण कान माणसांकडे ठेवा.

जीप गॅरेजच्या दारात उभी होती, डॉक्टरपुढे आ करून बसलेल्या दुखणाइतासारखी बॉनेट उघडून. मागच्या सीटवर नर्सबाई, मांडीवर लसींची बर्फाची पेटी. डोंगरावरच्या वस्तीत सात तान्ही बाळं त्या पेटीची वाट बघत होती. जीप दोनदा निघाली, दोन्ही वेळा तिसऱ्या वळणावर पाणी उकळलं आणि इंजिन बंद करून उतारावरून परत आली. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी निरोप धाडला होता : आजही उकळली, तर गाडी भंगारात आणि डोंगरावरच्या फेऱ्या बंद.

स्टुलावर म्हातारा उस्ताद बसला होता. तीस वर्षं या जीपची नाडी त्याच्या हातात. डोळ्यांपुढे धुकं साचलं तशी त्याने पान्यांची पेटी सुनेच्या हवाली केली. बोलणं मात्र स्वतःकडेच ठेवलं.

"रेडिएटर चोंदलाय," त्याने निकाल दिला. "काढ खाली."

"मामंजी, त्यातून पाणी धो धो उतरतंय, आत्ताच पाहिलं मी. पंखाही धडधाकट आहे. पाच मिनिटं द्या ना."

"उस्ताद, सून ऐकत नाही वाटतं!" ड्रायव्हरने चिमटा काढला. हा इतका सावकाश चालवायचा, की सगळे त्याला तुफान म्हणत.

"ऐकते की. आधी इंजिनाचं ऐकते, मग माझं. मीच शिकवलंय तसं." म्हातारा हसला खरा, पण आत कुठेतरी खुपलं.

सून तुफानकडे वळली. "सपाटीवर तापते?"

"नाही ताई."

"उभी असताना?"

"काटा जागचा हलत नाही. चढावर दाबली की मात्र सरसर चढतो."

"मग नुसत्या उभ्या गाडीत डोकावून काय कळणार? बसा आत. मी हात वर केला की रेस द्या. चढावर देता तशी, हं. तुमची नेहमीची नको."

तिने जमिनीवर पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकली. इंजिन चांगलं तापू दिलं, मग हात वर केला. इंजिन गरजलं. "आणखी!" ती ओरडली. मग आवाज उतरला.

"मामंजी, इकडे या. बसा असे. पंखा डावीकडे आहे, हात माझ्या हातात द्या."

तिने त्याचा हात खालच्या रबरी नळीवर नेला. हिच्यातूनच पंप रेडिएटरमधलं पाणी ओढून घेतो. नळी गोल होती, भरलेली. "द्या रेस, तुफानदादा!" इंजिन किंचाळलं आणि म्हाताऱ्याच्या मुठीत नळी चपटी झाली, रिकाम्या पिशवीसारखी. पाण्याची वाटच मिटली. रेस सुटली तशी नळी पुन्हा गोल, जणू काही झालंच नाही.

अशी नळी मिटू नये म्हणून तिच्या पोटात तारेची स्प्रिंग असते. या नळीत ती नव्हती. का नव्हती, ते त्या क्षणी दोघांनाच कळलं होतं.

सून बाहेर आली, हात पुसत नर्सबाईंना म्हणाली, "नळीचा माल नरम निघाला, सिस्टर. हल्ली असंच येतं. तासाभरात देते गाडी."

"थांब गं." म्हातारा बॉनेटला धरून उभा राहिला. "नळीला बोल लावू नकोस. सिस्टर, ही माहेरी गेली होती, तेव्हा ती नळी मी बदलली. जुनीतली स्प्रिंग हाताला गंजकी लागली. म्हटलं, कचरा असेल. दिली भंगाराच्या डब्यात फेकून. डोळ्यांना दिसत नाही, हे तोंडाला कबूल नव्हतं ना."

तुफान आ वासून बघत राहिला. "उस्ताद, तुमची चूक?"

"माझीच! तीस वर्षांत माझी चूक कुणाला सापडली नव्हती." म्हाताऱ्याची छाती फुगली. "हिला सापडली. पाच मिनिटांत!"

सून वाकून नळी सोडवू लागली. पण तिचा पाना एकदा नटावरून निसटला, ते त्याच्या कानांनी टिपलं.

दुसरी स्प्रिंग बसली, पाणी भरलं, जीप निघाली. दोघं दारात उभी राहिली. म्हातारा तोंड वर करून ऐकत होता. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्यावर तुफानने गिअर बदलला, तेव्हा म्हाताऱ्याने श्वास रोखला. आवाज तुटला नाही. वर वर जात बारीक झाला, मग डोंगरमाथ्यावरून तीनदा हॉर्न वाजला.

"पोचली, मामंजी."

"मला काय सांगतेस! जा, डब्यातली ती गंजकी स्प्रिंग शोध. दारावरच्या खिळ्याला अडकव, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी."

"लोक विचारतील हो, हे काय म्हणून."

"विचारू देत की. सांगायला मी बसलोय."

मंडळी, आज घरी हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घ्यालच. शेवटी त्या म्हाताऱ्याचीही आठवण काढा. तो अजून स्टुलावर बसला असेल, खिळ्याकडे बघून कुणी विचारतंय का, याची वाट पाहत.