काठीवरचा चाळिसावा लेख

"आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघावं बाळा, मालाकडे मागून." अण्णांच्या, त्याच्या वडिलांच्या, भांड्यांच्या दुकानात लहानपणी ऐकलेला तो आवाज त्याला आज उगाच आठवला. त्याच्या स्वतःच्या दुकानाला ना फळी, ना गल्ला. दुसऱ्यांच्या काठ्या इंटरनेटवर दाखवायच्या, त्याच्या लिंकवरून कुणी घेतली तर कमिशन. कुणी फिरकेना, म्हणून त्याने दुकानाला ब्लॉग जोडला आणि 'आपल्या वडीलधाऱ्यांसाठी उत्तम काठी' हा एकच विषय उलटूनपालटून चाळीस वेळा लिहिला.

"चाळीस लेख झाले अण्णा, आणि एक काठी खपेल तर शपथ! लोकांचे म्हातारे काय उड्या मारत चालतात?" लॅपटॉप आपटून मिटत तो म्हणाला.

अण्णा खुर्चीतून उठले. एक हात टेबलावर, मग कपाटावर, मग भिंतीवर टेकत, ओळखीच्या खोलीतून अनोळखी वाटेने जावं तसे दारापर्यंत पोहोचले. चौकट धरून त्यांनी दम खाल्ला.

"चाळीसही वाचले मी," ते म्हणाले. "काठी मलाच हवी होती रे. तू विचारशील, म्हणून थांबलो होतो."