उतार कुणी काढला?

"पाण्याच्या नळीने पातळी बघून रस्त्याचा उतार मी काढायचा, नारळ मात्र ह्यांनी फोडायचा!" यल्लूबाई शेजारणीच्या कानाशी फणफणली.

वस्तीतल्या बायकांनी हाताने दगड बसवून गल्लीचा रस्ता केला होता. पुढच्या गल्लीचं काम त्यांनाच मिळणार की बाहेरच्या मशीनवाल्याला, हे आज ठरणार होतं. कागदावर ठेकेदार यल्लूबाईचा नवरा, भीमशा.

पालिकेच्या साहेबांनी रस्त्यावर बादली ओतली. पाणी कुठेही न थबकता गटारात गेलं.

"वा ठेकेदार! उतार कसा काढलात?"

भीमशाने सवयीने मागे पाहिलं. एरवी ती हळूच उत्तर पुरवायची. आज तिने ओठ मिटले. गेलं काम तर जाऊ दे.

शेवटी भीमशाने नारळ तिच्या हातात ठेवला. "साहेब, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ठेकेदार ही आहे. मी नुसत्या सह्या करतो."