पाचवी पट्टी

“पळू नका रे पोरांनो! चाला. मोजत चाला!”

गुरुजींचं कोणी ऐकलं नाही. मालवणच्या नव्या संग्रहालयाचा पहिलाच दिवस होता आणि गुरुदास गुरुजींच्या दालनात शर्यत लागली होती.

दालन तसं साधं. दारालगत चिऱ्याची एक पायरी, गुरुजींच्या शाळेच्या पायरीसारखी. तिथून समोरच्या निळ्या भिंतीकडे, म्हणजे दर्याकडे, जाणाऱ्या पाच पांढऱ्या पट्ट्या. गुरुजी किनाऱ्यावरच्या शाळेत होते तेव्हा दर नारळी पुनवेला, दर्यात नारळ सोडून झाला की, एका मुलाला शाळेच्या पायरीपासून भरतीच्या पाण्यापर्यंत चालायला लावत. बाकीची मुलं मोठ्याने पावलं मोजत. आकडा वहीत जाई. निवृत्तीनंतरही त्यांनी हा नेम मोडला नव्हता. पहिल्या वर्षी, १९८९ साली, धनेश चालला होता. दोनशे दहा पावलं. २००४ साली एकशे तीस झाली. २०१४ साली सत्तर. यंदा धनेशचीच मुलगी सृष्टी चालली. मुलं ओरडून मोजायला लागली आणि तिसावर थांबली.

दालन लहान, म्हणून दहा पावलांना एक ठसा. पहिल्या पट्टीवर मुलांच्या पायांचे एकवीस निळे ठसे होते. चौथीवर तीन.

पाचवी पट्टी कोऱ्या कागदाची होती. तिच्या कडेला लिहिलं होतं : २०५०. शेजारी निळ्या रंगाची परात. तेव्हा दर्या किती पावलांवर असेल, ज्याला जे वाटेल ते त्याने उमटवावं. गुरुजींचा सगळा जीव त्या पट्टीत होता. उभा जन्म मुलांना शिकवण्यात गेला, पण तीनच्या पुढे काय, हे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. एखादं तरी पोर तिथे थबकेल, मान वर करून विचारेल, “गुरुजी, आता काय करूचा?” एवढ्यासाठी ते तीन महिने दुखरे गुडघे टेकून पट्ट्या आखत बसले होते.

पोरं परातीत पाय बुडवत आणि थेट भिंतीपर्यंत सुटत.

“माजी चाळीस!”

“हट्! तुजी कोंबडीची पावला. माजी बघ!”

ज्याची पावलं जास्त तो जिंकला. कागद भरला की शिपाई नवा अंथरी. एका नवरा-बायकोने पावलाशेजारी पाऊल उमटवलं, फोटो काढला आणि पाय धुवायला नळ कुठे आहे ते विचारलं.

“सर, बघा ना, लोकांना किती आवडलंय!” संग्रहालयाच्या शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या.

“हो,” गुरुजी म्हणाले. “खेळ छान झालाय.”

दुपारी धनेश किनाऱ्यावरच्या घरून लेकीला घेऊन आला. तो आत आला नाही. दाराबाहेर पडवीतच उभा राहिला. एरवी गुरुजींना वाकून नमस्कार करणारा धनेश आज खांबाआड का उभा आहे, ते गुरुजींना कळेना. सृष्टी मात्र सरळ आत आली. तिने आपले तीन ठसे ओळखले. मग बापाचे एकवीस बोट लावून मोजले. शेवटी परातीत पाय बुडवून ती पायरीवर उभी राहिली आणि समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिली.

ती पळाली नाही. थांबली होती. गुरुजी दोन पावलं पुढे सरकले.

सृष्टीने पाठ फिरवली. पायरीवरून उलट्या बाजूला उतरली. एक ठसा उंबऱ्यावर, दोन पडवीत, मग बापाच्या पुढ्यातून, दर्यापासून दूर जाणाऱ्या रस्त्याच्या दिशेने.

“अगो बाय, दर्यो हयसर आसा,” गुरुजी घाईघाईने दाराशी आले. “तू खंय चललंस?”

“कुडाळाक. बाबान थंय खोली बघल्यान.”

गुरुजींनी धनेशकडे पाहिलं. धनेश लेकीच्या निळ्या पावलांकडे बघत होता.

“पण चेडवा, ती पट्टी दोन हजार पन्नासची गो,” वर्गात गणित चुकलेल्या मुलाला सांगावं तशा मऊ आवाजात गुरुजी म्हणाले.

सृष्टीने पुढचं पाऊल टाकलं, नीट दाबून, ठसा पुरता उमटेल असं.

“माजी येत्या दिवाळेची, गुरुजी.”