हिरवी संत्री

टॅबवर लाल फुली उमटली आणि आतून एका बाईचा गोड आवाज आला, "रंग गलत है। फिर से कोशिश करो।"

चौथीतल्या प्रज्ञानं आधी फुलीकडे पाहिलं, मग चित्रकलेच्या हिमानी मॅडमकडे. मागे खुर्च्या टाकून संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव बसले होते, ते खाकरले. त्यांच्या शेजारी टॅबच्या कंपनीचा माणूस होता, इंदूरहून आलेला. तो हसत होता. त्याचं काय जातंय हसायला!

प्रज्ञानं संत्र्याचं झाड काढलं होतं, आणि काय देखणं काढलं होतं! फांद्या फळांच्या भारानं वाकलेल्या, त्यांना खालून बांबूचे टेकू दिलेले. संत्री हिरवी होती, देठापाशी गडद, बुडाशी किंचित पिवळी पडलेली. दसरा सरला की इथं सौंसरच्या बगीच्यांत आंबिया बहाराची संत्री अशीच उतरतात. साल हिरवी आणि आत नुसती साखर. प्रज्ञाचे आईबाप, भाऊराव आणि शांताबाई, फळं उतरवायला, तोड्याच्या कामाला जात. शाळा सुटली की पोरगी त्यांच्या मागे बगीच्यातच. पण बगीच्यात तर सगळीच पोरं असतात. ही पाहायची. असा डोळा हिमानीला इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणात सापडला नव्हता.

टॅबच्या पोटात मात्र संत्रं एकाच जातीचं. नारिंगी, गोल, गुळगुळीत. आमच्याकडे संत्री हिरवीही असतात, असं हिमानीनं कंपनीला मागेच कळवलं होतं. एका शाळेसाठी नमुना बदलता येत नाही, असं उत्तर आलं. चित्रकलेच्या खोलीतून रंगांच्या बाटल्या गेल्या, टॅबचं कपाट आलं. आता शिकवायचं टॅबनं, तिनं फक्त उभं राहायचं. पोरांना फुल्या मिळाल्या तर मॅडम कुचकामी, तारे मिळाले तर टॅब हुशार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि पुढल्या वर्षी शाळेला चित्रकलेची मॅडम हवी की नको, हे आजचा वर्ग पाहूनच ठरणार होतं. इथून निघालं तर पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत तिच्यासाठी कोण खुर्ची टाकून बसलं होतं?

"मॅडम," प्रज्ञा म्हणाली, "तुमीच त सांगतलं होतं, जसं दिसते तसंच काढा म्हणून."

हिमानीनं पुंडलिकरावांकडे पाहिलं. मोहगावच्या रस्त्याला त्यांचा भलामोठा बगीचा होता. या माणसानं एक शब्द टाकला असता तरी काम झालं असतं.

तिनं धीर केला. "काका, तुमच्याकडे तोडा चालू आहे ना? माल हिरवाच उतरून राहिला ना?"

पुंडलिकराव खुर्चीत चुळबुळले. त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"बाजारात हिरवा चालते, मॅडम," ते म्हणाले. "टॅबमंदी नाई चालत. कायले येळ घालवून राहिल्या?"

पोरं फिदीफिदी हसली. हिमानी प्रज्ञाच्या बाकाशी वाकली. तिला स्वतःची लाज वाटत होती, पण तोंडानं आपलं काम केलं.

"नारिंगी कर, बेटा. हिरवं चुकलं."

पोरीनं वाद घातला नाही. बोट फिरवत एकेक संत्रं नारिंगी केलं. टॅबमध्ये टाळ्या वाजल्या, पडदाभर तारे उडाले. मग पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या आणि त्याचं पाहून पुंडलिकरावांनीही. "इज्जत राखली तुमी," जाताना ते म्हणाले. नोकरी राहिली.

शनिवारी तिनं कोणालाही न विचारता चौथीचा वर्ग बाहेर काढला आणि थेट पुंडलिकरावांच्याच बगीच्यात नेला. अध्यक्षांना कळलं की वाचलेली नोकरी जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गेली तर गेली. त्या पोरीचा डोळा पोरीला परत मिळाला पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. पिशवीत कोरे कागद होते आणि रंगीत खडूंच्या पेट्या.

"आज टॅब नाही," तिनं पोरांना झाडांखाली बसवून सांगितलं. "फुली नाही, तारे नाहीत. जसं दिसते तसं काढा."

पोरं माना खाली घालून कामाला लागली. पलीकडच्या ओळीत तोडा चालला होता. फळं भराभर क्रेटमध्ये पडत होती, हिरवीगार. कितीतरी दिवसांनी हिमानीला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

प्रज्ञा सगळ्यात खालच्या फांदीशी बसली होती. एक संत्रं तर जवळजवळ तिच्या केसांना टेकलं होतं. हिमानी हळूच तिच्या मागे जाऊन उभी राहिली. खोडाचा बाक अचूक होता. टेकू तर असे, की काढून घेतले तर कागदावरची फांदी मोडेल. हिमानीला हसू फुटलं. तेवढ्यात प्रज्ञानं पेटी उघडली आणि जराही न थांबता नारिंगी खडू उचलला.

हिमानी तिच्या शेजारी बसली. तिनं ती फांदी हातानं ओढून पोरीच्या डोळ्यांसमोर आणली.

"प्रज्ञा, वर पाह्य ना बेटा. नीट पाह्य."

प्रज्ञानं वर पाहिलं. नेहमी पाहायची तसंच, अगदी नीट, देठापासून बुडापर्यंत. मग ती पुन्हा कागदावर वाकली आणि नारिंगी रंग भरू लागली.

"पाह्यलं, मॅडम," ती म्हणाली. "झाडच चुकून राहिलं."